दुरुस्तीला आलेली जुनी गाडी: ठेवायची, विकायची की भंगारात द्यायची?

जुन्या गाडीला मोठं काम निघालं की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘एवढं करून घेऊ, अजून चार-पाच वर्षं कुठे जात नाही ती.’ दुसरा म्हणतो, ‘विकून टाका ते धूड, रोजची कटकट.’ आकडे कोणाकडेच नसतात आणि गाडी तोवर गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडून राहते. गिअरबॉक्स बसलेली माझी गाडी मी अशीच काढली. त्या निमित्ताने मेकॅनिक, डीलर, भंगारवाले आणि नोंदणी कार्यालयाची खिडकी, सगळ्यांशी गाठ पडली. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी तो सगळा क्रम इथे लावून देतो.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. ‘दुरुस्तीला किती खर्च येईल?’ या एकट्या प्रश्नाच्या उत्तरावरून काहीच ठरत नाही. गाडी आज आहे तशी कितीला जाईल आणि दुरुस्त केल्यावर कितीला जाईल, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय त्या खर्चाला अर्थ येत नाही.

१. आधी नेमका बिघाड कळू द्या

‘इंजिनचं काम आलंय’ हे निदान झालं नाही. काय गेलंय, का गेलंय आणि त्याच्याबरोबर आणखी काय उघडावं लागेल, हे लेखी घ्या. जो तपासतोय त्यालाच दुरुस्तीचं काम मिळणार असेल, तर दुसऱ्या गॅरेजमध्येही दाखवा. तपासणीचे वेगळे पैसे घेणारा मेकॅनिक मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण मोठं काम काढून दाखवायची त्याला घाई नसते.

स्वतःलाही थोडं बघता येतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन प्रमाणाबाहेर जातंय. पांढरा धूर सतत येतोय, त्याला गोडसर वास आहे आणि कूलंटही कमी होतंय, असं तिन्ही असेल तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलवर, संशय घ्या. मात्र ऑइलच्या झाकणाखाली नुसता दुधाळ चिकटा दिसला म्हणून घाबरू नका. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफ साचूनही तो येतो.

डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बिघाडाचे कोड मिळतात. पण कोड फक्त कुठल्या दिशेला बघायचं ते सांगतो, भाग बदला असं सांगत नाही. ‘पी०४२०’ हा कोड आला की बरेच जण थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतल्या धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचा, खर्च सांगतात. तोच कोड ऑक्सिजन सेन्सर बिघडल्याने किंवा एक्झॉस्टमध्ये गळती असल्यानेही येऊ शकतो, आणि त्या कामांचा खर्च फारच कमी असतो.

पेट्रोल इंजिनबद्दल शंका असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी, मागा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजल्यात. नाही वाढला तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे. या दोन कामांच्या खर्चात बराच फरक पडतो, म्हणून ही चाचणी टाळू नका.

काही बिघाड मात्र ऐकले की दुरुस्तीचा विचार बहुतेक वेळा तिथेच थांबवावा:

– सस्पेन्शन जिथे बोल्टने बसतं तिथला किंवा खालच्या सांगाड्याचा पत्रा गंजून खाल्लेला. दारावरचा गंज दिसायला वाईट असतो, खालचा जीवघेणा असतो.
– डॅशबोर्डपर्यंत पाणी शिरलेली गाडी. वायरिंगचे जोड आतून सडत जातात आणि रोज नवीन दुखणं निघतं.
– टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळलेलं इंजिन. सगळ्या इंजिनांत असं होत नाही, म्हणून तुमच्या मॉडेलचं विचारून घ्या.

आणखी एक तपासणी, जी फुकट असते: चेसिस नंबर कंपनीच्या रिकॉल यादीत घालून बघा. काही दोष कंपनीनेच कबूल केलेले असतात आणि त्यांची दुरुस्ती ती स्वतःच्या खर्चाने करून देते. टकाटा कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचं, उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. जगभर कोट्यवधी गाड्यांमधले इन्फ्लेटर परत बोलावले गेले आणि त्यांतल्या कित्येक गाड्या तोवर जुन्या झाल्या होत्या.

२. दोन किमती काढा

आता कागद घ्या. तुमच्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, जवळपास तेवढीच धावलेली गाडी चालू स्थितीत कितीला जाते ते बघा. जाहिरातीतली किंमत ही मागितलेली असते. प्रत्यक्षात सौदा त्याच्या खाली होतो, म्हणून थोडा आकडा कापा. दुसरा आकडा आहे त्या बिघाडासकट मिळणाऱ्या किमतीचा. तो डीलर, जुन्या गाड्या घेणारे आणि भंगारवाले अशा निदान तिघांकडून घ्या. तिघांनाही बिघाड एकाच शब्दांत सांगा, नाहीतर तुलना करता येणार नाही.

समजा, चांगल्या स्थितीत तुमची गाडी १००ला जाते आणि दुरुस्तीला ४० लागतात. बिघाडासकट ती ५०ला जात असेल, तर ४० घालून ५० जास्त मिळतात. कागदावर १०चा फायदा दिसतो, पण इंजिन उघडल्यावर हमखास निघणारं ‘अजून एक काम’ तो गिळून टाकतं. हीच गाडी आहे तशी ७०ला जात असेल तर दुरुस्ती सरळ तोट्यात आहे. असं होतं, कारण घेणाऱ्याचं स्वतःचं गॅरेज असतं आणि तुम्हाला ४०ला पडणारं काम त्याला २०ला पडतं. माझ्या गिअरबॉक्सच्या बाबतीत नेमकं हेच निघालं, म्हणून गाडी मी आहे तशीच विकली.

गाडी विकायची नसून वापरायची असेल तर हिशोब बदलतो. मग ४०चा खर्च गाडी आणखी किती महिने चालेल त्यावर वाटा आणि दुसरी गाडी घेतल्यास महिन्याला काय पडेल त्याच्याशी ताडून बघा. दुसरी गाडीही जुनीच घेणार असाल, तर तिच्या पोटात काय दडलंय ते तुम्हाला माहीत नसतं. आपल्या गाडीची निदान दुखणी तरी माहीत असतात. म्हणूनच ‘दुरुस्ती किमतीच्या निम्म्यावर गेली की गाडी काढा’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम मला पटत नाही. सांगाडा शाबूत आहे, इंजिन ठणठणीत आहे आणि फक्त क्लच गेलाय, अशी गाडी त्या नियमाने विनाकारण भंगारात जाते.

हिशोबात एक रक्कम अजिबात धरायची नाही: आजवर केलेला खर्च. मागच्या वर्षी चारही टायर टाकले, बॅटरी नवी आहे, एसीचं काम झालं, हे पैसे गेले. त्यांमुळे आजची विक्रीची किंमत थोडी वाढली असेल तर ती दुसऱ्या आकड्यात आलेलीच आहे. ‘एवढे घातलेत तर आणखी थोडे’ या वाक्यावर कित्येक गॅरेज चालतात.

३. विकण्याआधी काय करायचं, काय नाही

मोठं काम करू नका, पण छोट्या शंका मिटवा. जॉर्ज अकेर्लोफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं की विकणाऱ्याला गाडीचं खरं माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं, तेव्हा घेणारा सगळ्याच गाड्यांना वाईट धरून भाव पाडतो. त्याला २००१मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. आपल्या कामाचा भाग एवढाच: घेणाऱ्याला जे कळत नाही त्याची तो सर्वांत महाग किंमत लावतो. म्हणून तपासणीचा लेखी अहवाल आणि जुनी बिलं समोर ठेवा. ‘गिअरबॉक्सचा सिंक्रो गेलाय, हे कोटेशन’ असं सांगितलेली गाडी ‘थोडा आवाज येतो’ म्हटलेल्या गाडीपेक्षा चांगल्या भावाला जाते.

करून घ्यावं असं: धुणं, आतून साफसफाई, गेलेला बल्ब, वायपरचं रबर, मृत बॅटरी. गाडी चालू होणं आणि न होणं यात भावाचा मोठा फरक पडतो. न चालणारी गाडी टोचन करून न्यावी लागते, आणि तो खर्च घेणारा तुमच्याच भावातून वजा करतो. डेन्ट-पेंट, नवे टायर, नवी सीट कव्हर यांचे पैसे सहसा वसूल होत नाहीत. ताजा रंग बघून तर अनुभवी घेणारा उलट विचारतो, ‘कुठे ठोकली होती?’

स्कॅनरने कोड पुसून दिवा बंद करायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ दाखवायला लागतात. समोरच्याने स्कॅनर लावला तर ते लगेच उघडं पडतं आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

४. वाट निवडा

*थेट ग्राहकाला विकणं.* भाव सर्वांत चांगला, डोकेदुखीही सर्वांत जास्त. गाडी चालती असेल आणि बिघाड सांगता येण्यासारखा असेल तर हीच वाट. ब्रेक, स्टीअरिंग किंवा सांगाडा खराब असेल तर मात्र अनोळखी कुटुंबाच्या हातात ती गाडी देऊ नका, कितीही भाव येवो.

*डीलर किंवा एक्सचेंज.* इथे सोय आहे, पण आकड्यांचा खेळही इथेच चालतो. जुन्या गाडीचा भाव वाढवून दाखवतात आणि नव्या गाडीवरची सवलत तेवढीच कापतात. म्हणून नव्या गाडीची किंमत आधी पक्की करा, जणू तुमच्याकडे जुनी गाडी नाहीच. ती लेखी मिळाल्यावर मगच जुनीचा विषय काढा. ‘एक्सचेंज बोनस’ हा गाडीचा भाव नव्हे. तो बाजूला काढून जुन्या गाडीला नेमके किती धरलेत ते विचारा.

*सुटे भाग करून विकणं.* कागदावर यात सर्वांत जास्त पैसे दिसतात. पण जागा, हत्यारं, महिनोन्‌महिने वेळ आणि शेवटी उरलेला सांगाडा उचलून न्यायची सोय, एवढं सगळं तुमच्याकडे हवं. हौस असेल तरच करा. एअरबॅग आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड केबल यांना मात्र हौशी माणसाने हात लावायचा नाही. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं आणि त्या केबलमधला विजेचा दाब जीव घेऊ शकतो.

*दान.* गाड्या स्वीकारणाऱ्या संस्था काही देशांत आहेत. करसवलतीच्या आशेने देत असाल तर आधी नियम वाचा. अमेरिकेत २००५पासून मोठ्या रकमेच्या बाबतीत साधारणपणे संस्थेने गाडी विकून जेवढे मिळवले तेवढ्याचीच वजावट मिळते, तुम्ही मनात धरलेल्या किमतीची नाही. बिघडलेली गाडी संस्था बहुधा लिलावात काढते.

*भंगार.* याबद्दल लोकांना सर्वांत कमी माहिती असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीचं साधारण दोन-तृतीयांश वजन लोखंड आणि पोलादाचं असतं, त्यामुळे मूळ भाव वजनावर आणि त्या दिवसाच्या लोखंडाच्या दरावर ठरतो. तो दर हलत असतो. गेल्या महिन्यात मित्राला काय मिळालं त्यावर जाऊ नका. नुसत्या वजनाच्या वर जे मिळतं ते चार गोष्टींचं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बॅटरी, अलॉय चाकं आणि चालू इंजिन-गिअरबॉक्स. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि रोडियम हे मौल्यवान धातू असतात. त्याच्या कवचावर कोरलेल्या नंबरावरून जाणकार त्याची किंमत सांगतो. तुमच्या गाडीला कंपनीचा मूळ कन्व्हर्टर अजून आहे का, हे भाव ठरवण्याआधी बघा. बाजारात मिळणाऱ्या पर्यायी कन्व्हर्टरमध्ये हे धातू सहसा बरेच कमी असतात. भाव सांगताना ‘सगळ्या भागांसकट’ की ‘काढून घेतल्यावर’, हेही स्पष्ट करून घ्या.

भंगारवाला परवानाधारकच हवा. जुन्या गाडीत इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, एसीचा गॅस आणि बॅटरीतलं शिसं नि आम्ल असतं. हे आधी काढून वेगळं न करता गाडी कापली तर सगळं जमिनीत मुरतं. युरोपीय संघाच्या २०००च्या निर्देशात याची पद्धत घालून दिली आहे, आणि २०१५पासून गाडीच्या वजनाच्या किमान ९५ टक्के भाग पुन्हा वापरात किंवा उपयोगात यावा अशी अट आहे. तिथे अधिकृत केंद्र गाडी मोडल्याचा दाखला देतं. तुमच्या देशात त्याचं नाव काहीही असो, असा दाखला देत नसेल त्याला गाडी देऊ नका. कारण विनाकागद गेलेल्या गाडीची नंबरप्लेट किंवा चेसिस नंबर दुसऱ्याच गाडीवर चढतो आणि नोटीस तुमच्या घरी येते.

सरकारची जुन्या गाड्या मोडीत काढण्याची योजना चालू असेल तर कधी कधी भंगारात दिल्यावरच सर्वांत जास्त मिळतं. पण अटी आधी बघा. अमेरिकेत २००९च्या योजनेत गाडी चालती हवी होती आणि सलग वर्षभर त्याच मालकाच्या नावावर नोंदलेली व विमा उतरवलेली हवी होती. जर्मनीच्या त्याच वर्षीच्या योजनेत गाडी किमान ९ वर्षं जुनी आणि वर्षभर अर्जदाराच्या नावावर असणं गरजेचं होतं. अशा अटींमुळे बंद पडलेली, विमा संपलेली किंवा मालकाचं नाव न बदललेली गाडी दारात उभी ठेवणाऱ्यांचे हात रिकामे राहिले. अशी योजना येण्याची चर्चा असेल तर विमा आणि नोंदणी खंडित होऊ देऊ नका.

५. कागदपत्रं

ग्राहक शोधण्याआधी एवढं एका फाइलमध्ये जमवा:

– नोंदणीपत्र, मूळ प्रत
– चालू विमा पॉलिसी
– कर्ज घेतलं असेल तर बँकेचा कर्जफेडीचा दाखला आणि नोंदणीवरचा बोजा उतरवल्याची नोंद
– प्रदूषण किंवा तांत्रिक तपासणीचं प्रमाणपत्र, जिथे लागतं तिथे
– कर आणि दंड थकले नसल्याचा पुरावा
– तुमचं ओळखपत्र
– दुरुस्तीची बिलं, तपासणीचा अहवाल, दुसरी चावी

यात सर्वांत वेळ खातो तो कर्जाचा बोजा. हप्ते संपून वर्षं झाली तरी नोंदणीवर बँकेचं नाव तसंच असतं, आणि ते उतरवल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हे काम पहिल्या दिवशीच सुरू करा. गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा नातेवाइकाच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल. ‘घरातलीच आहे’ हे कार्यालयात चालत नाही.

कागदावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. १७ अंक-अक्षरांच्या या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. नोंदणीपत्रावर ‘ओ’ दिसला तर तो टंकताना चुकलेला शून्य आहे. अशी चूक असल्यास आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर ऐन व्यवहारात सगळं अडतं.

६. व्यवहाराचा दिवस

भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी. गाडी चालवून बघू द्या, पण तुम्ही शेजारी बसा आणि समोरच्याचा परवाना आधी बघा.

बयाणा घेतला तर त्याची पावती द्या आणि कुठल्या तारखेपर्यंत गाडी राखून ठेवणार ते त्यात लिहा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात रक्कम जमा झालेली आपल्या बँकेच्या ॲपमध्ये दिसल्यावरच चावी द्या. ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ असं कोणी म्हणालं तर व्यवहार तिथेच सोडा. ही जुनी फसवणूक आहे.

विक्रीच्या करारात तारखेबरोबर वेळही लिहा. दुपारी गाडी दिली आणि संध्याकाळी तिने कुठे धडक दिली, तर ती वेळच तुमच्या बाजूने बोलते. मीटरचं वाचन, माहीत असलेले सगळे दोष आणि ‘आहे त्या स्थितीत’ विक्री, हेही लिहा. दोष लिहून सही घेतली की नंतर ‘तुम्ही सांगितलंच नव्हतं’ म्हणायला जागा राहत नाही. कोरा फॉर्म सही करून देऊ नका. एजंट म्हणतो, ‘बाकीचं मी भरतो.’ तो कोणाचं नाव कधी भरेल याची खात्री नसते.

७. चावी दिल्यानंतर

गाडी डोळ्यांआड झाली म्हणजे सुटलो, असं बहुतेकांना वाटतं. सरकारदरबारी नाव बदलेपर्यंत दंड, टोल आणि अपघाताची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते. विक्रीची सूचना नोंदणी कार्यालयाला स्वतः द्या, घेणाऱ्यावर सोडू नका, आणि पोच घ्या. काही दिवसांनी नोंदीत नवं नाव आलं का ते तपासा. डीलरला दिली असेल तरी हेच करा, कारण पुढचा ग्राहक मिळेपर्यंत गाडी जुन्याच नावावर ठेवणारे डीलर असतात.

विमा रद्द करायचा तो नाव बदलल्याची पोच आल्यावरच. दावा न केल्याबद्दलची सवलत साठली असेल तर ती नव्या गाडीसाठी राखून ठेवता येते का, ते विमा कंपनीला विचारा आणि मिळाल्यास पत्र घ्या. टोलचा टॅग बंद करा, नाहीतर नवा मालक तुमच्या खात्यातून प्रवास करत राहील. पार्किंगचा पासही काढून घ्या.

नव्या जमान्यातली एक गोष्ट अजूनही खूप जण विसरतात. गाडीच्या स्क्रीनमध्ये तुमच्या फोनमधले नंबर, घराचा पत्ता आणि नेहमीचे रस्ते साठलेले असतात. सेटिंगमध्ये जाऊन सगळं पुसा. कंपनीच्या ॲपमधूनही गाडी काढून टाका. ते ॲप तसंच राहिलं तर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहतं, आणि काही मॉडेलची दारंही उघडता येतात. हे त्याच्याही हिताचं नाही आणि उद्या काही झालं तर तुमच्याही.

डिक्की, स्टेपनीखालची जागा, सीटखाली आणि सन व्हायझरची खाच चावी देण्याआधीच बघून घ्या. करार, पोच, दाखला आणि पैसे जमा झाल्याचा पुरावा निदान काही वर्षं जपा. फोटो काढून ठेवा, पण मूळ कागदही टाकू नका. थकलेल्या दंडाची नोटीस वर्षा-दोन वर्षांनीही येऊ शकते, आणि तेव्हा विक्रीची तारीख-वेळ असलेला तो कागदच दाखवावा लागतो.